नळाला पाणी का नाही, हे रेडिओवर विचारता यावे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पाण्याच्या टंचाईविषयीच्या बातम्या आपल्या दैनिकात या दिवसांत रोज येत आहेत. त्या वाचताना गेल्या महिन्यातील एक प्रसंग मला सतत आठवतो आणि त्यानिमित्ताने सामुदायिक रेडिओविषयीच्या एका नियमाकडे आपले आणि आपल्या वाचकांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या तालुक्यात एक सामुदायिक रेडिओ केंद्र, म्हणजे स्थानिक लोकांसाठी त्यांच्याच सहभागातून चालणारे छोटे नभोवाणी केंद्र, आहे. शंभर वॉटचे प्रक्षेपण आणि दहा-पंधरा किलोमीटरांचा टापू एवढीच त्याची शक्ती. परंतु सकाळी गोठ्यात धार काढताना, दुपारी शिवणयंत्रावर आणि संध्याकाळी किराणा दुकानाच्या फळीवर तेच केंद्र लागलेले असते. दर गुरुवारी संध्याकाळी तेथे श्रोत्यांच्या दूरध्वनींसह गप्पांचा कार्यक्रम होतो. निवृत्त शिक्षक म्हणून मला त्या दिवशी बोलावले होते आणि विषय होता उन्हाळ्यातील पाण्याची बचत. भांडी घासलेले पाणी परसातल्या झाडांना कसे घालावे, हे मी सांगत असतानाच एका वाडीवरून साठीच्या पुढच्या एका बाईंचा दूरध्वनी आला. त्या म्हणाल्या, “गुरुजी, पाणी जपून वापरा म्हणताय ते खरं हाय. पण टाकी बांधून दोन वर्सं झाली, आमच्या नळाला अजून थेंब न्हाई. कशानं येईना, तेवढं कुणाला तरी विचारा की.”

निवेदिका पंचविशीतली, हुशार, याच भागातली मुलगी आहे. प्रश्न पुरा होण्याआधीच तिचा हात ध्वनिपट्टीवर गेला. “आजी, तुमचा प्रश्न आम्ही लिहून घेतलाय,” असे ती नम्रपणे म्हणाली आणि तिने जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण लावले. ओव्या सुरेख होत्या. मात्र त्या चालू असताना आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहू शकलो नाही. कार्यक्रम संपल्यावर ती म्हणाली, “सर, नगरपंचायतीने पाठवलेली सूचना मला वाचता येते. पाणी का आलं नाही, यावर बोलायला लागले की त्या चालू घडामोडी होतात. परवान्याचा प्रश्न आहे.” त्या मुलीला किंवा त्या केंद्राला मी मुळीच दोष देत नाही. वर्षानुवर्षे खपून मिळवलेला परवाना एका गुरुवारसाठी कोण पणाला लावील?

आपल्या देशात सामुदायिक रेडिओवर स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींवरील कार्यक्रम देण्यास मनाई आहे. आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी, एक शब्दही न बदलता, प्रसारित करता येतात. त्यापलीकडे काही विषय ‘बातमी नव्हे’ असे ठरवून मोकळे ठेवले आहेत. हवामान, रस्त्यावरील वाहतूक, जत्रा व सांस्कृतिक कार्यक्रम, परीक्षा, निकाल व प्रवेश, रोजगाराच्या संधी, तसेच वीज, पाणी, आपत्ती आणि आरोग्य यांविषयीच्या सार्वजनिक सूचना त्यांत येतात. या शेवटच्या विषयाला जोडलेली अट मात्र प्रत्येक नागरिकाने समजून घ्यावी अशी आहे: या सूचना स्थानिक प्रशासनाने दिलेल्या असाव्यात. म्हणजे ‘उद्या पाणी येणार नाही’ हे प्रशासनाने कळवले तर ते दिवसातून चार वेळा सांगता येते, पण ‘काल पाणी का आले नाही’ हे नागरिकाने विचारले की तेच पाणी चालू घडामोड होते. बोलणे वरून खाली येऊ शकते. खालून वर गेले की ते नियमात बसत नाही. हा दोष माझ्या मते अतिशय गंभीर आहे, कारण सामुदायिक रेडिओ ही संकल्पनाच खालून वर जाणाऱ्या आवाजासाठी जन्माला आली. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावेत, हे याच धोरणाचे म्हणणे आहे. लोकांना सहभागी करून घ्यायचे आणि त्यांच्या घरातल्या प्रश्नापाशी येताच त्यांना गप्प करायचे, हे एकत्र कसे नांदणार?

असे बोलणे आपल्याला नवीन आहे, असेही नाही. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण रेडिओ मंडळांचा प्रयोग केला, तो आपल्याच भागात. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत पंधरा-वीस जणांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, रविवारी आणि गुरुवारी संध्याकाळी, मंडळी रेडिओभोवती जमत, अर्धा तास कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर आपसांत चर्चा करीत. गावांकडून आलेल्या शंकांना पुढच्या कार्यक्रमात उत्तरे मिळत. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्या प्रयोगाचे मूल्यमापन केले आणि पुढे १९५९ मध्ये ही कल्पना देशभर नेण्यात आली. ज्या काळात अनेक गावांत मंडळाचा तो एकच रेडिओ असे, त्या काळात सरकारी नभोवाणीला गावाकडून प्रश्न येण्याची भीती वाटली नाही. उलट प्रश्न यावेत म्हणूनच तर ती सारी खटपट होती. (त्या मंडळांचेही दिवस योगायोगाने गुरुवार आणि रविवारच होते, हे वाचले तेव्हा मला आमचा गुरुवार आठवल्याशिवाय राहिला नाही.)

मुंबई आकाशवाणीवरची ‘पुन्हा प्रपंच’ ही कौटुंबिक श्रुतिकामाला माझ्या पिढीतील अनेकांना आठवत असेल. बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी घरात बसल्यासारखे बोलत आणि त्या बोलण्यात रोजच्या जगण्यातले प्रश्न सहज येऊन जात. भाषण आणि संभाषण यांतला फरक आम्हाला त्या तिघांनी शिकवला.

रेडिओची आता कोणाला पर्वा आहे, असे म्हणणाऱ्यांना जून २०२३ मधील घटनेची आठवण करून द्यावीशी वाटते. पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरकडे देण्याचा निर्णय झाल्याचे कळताच पुण्यात तीव्र नाराजी उमटली आणि त्या निर्णयाला स्थगिती द्यावी लागली. सकाळी ७.१० च्या बातम्या आपल्या गावातून याव्यात, एवढीच श्रोत्यांची मागणी होती. पुण्यासारख्या शहराला जे हवेसे वाटते, ते वाडीवस्तीवरच्या माणसालाही हवेच असते. फरक इतकाच की, त्याच्या वाडीची बातमी कोणत्याही वृत्तविभागात पोचत नाही.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे. त्यानंतर २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक केंद्रांची वाट खुली झाली. म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’सारखी केंद्रे त्यातून उभी राहिली. दुष्काळी माण तालुक्यात स्त्रियांच्या बोलीतून चालणारे केंद्र असू शकते, हे तेथे दिसले. पैशाच्या अडचणीकडेही सरकारने अलीकडे लक्ष दिले: २०२४ मध्ये जाहिरातींची मर्यादा तासाला सात मिनिटांवरून बारा मिनिटे झाली आणि परवान्याची मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षे झाली. त्याबद्दल धन्यवादच द्यायला हवेत. जाहिरातींना मिनिटे वाढवून मिळाली, तशी नागरिकाच्या प्रश्नालाही दोन-चार मिनिटे मिळावीत, एवढेच आमचे मागणे आहे.

या मनाईमागे काही विचार आहे, हे मला कळते. छोटे केंद्र एखाद्या गटाच्या हाती जाईल, निवडणुकीत त्याचा भोंगा होईल, अफवा पसरतील, भावकीतले वैर हवेत जाईल, अशी भीती असते. गावचे राजकारण मी चार दशके जवळून पाहिले असल्याने ही भीती मला खोटी म्हणता येत नाही. कोणत्या संस्थेमागे कोण आहे, हे आमच्याकडे लहान मुलेही सांगतात. परंतु त्यावर उपाय त्याच धोरणात आहेत. प्रत्येक प्रसारणाचे ध्वनिमुद्रण केंद्राला तीन महिने जपून ठेवावे लागते. तक्रार आली की ऐकून निवाडा करता येतो. परवाना रद्द करण्याचा अधिकार सरकारकडे आहेच. दुसरीकडे, ज्याच्या हातात मोबाइल आहे तो आज चौकात उभा राहून काहीही बोलतो आणि ते दहा मिनिटांत तालुक्यातल्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर फिरते. मागच्या पावसाळ्यात तलाव फुटल्याची अफवा अशीच पसरली आणि आमच्या गल्लीतल्या बाया रात्री मुले घेऊन देवळात जाऊन बसल्या. त्या रात्री तलावावर जाऊन, पाहून, ‘भिंत शाबूत आहे’ असे ओळखीच्या आवाजात सांगणारे केंद्र गावात असूनही गप्प होते, कारण प्रशासनाची सूचना यायला पहाट झाली. सर्वांत जबाबदार माध्यमाच्या तोंडाला कुलूप आणि बेजबाबदार बोलण्याला मोकळे रान, अशी ही स्थिती आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने खासगी एफएम वाहिन्यांना दर तासाला दहा मिनिटे स्वतःच्या बातम्या व चालू घडामोडी देऊ द्याव्यात, अशी शिफारस केली आहे. खासगी वाहिन्यांना ती मुभा जरूर मिळावी. परंतु त्याआधी ती सामुदायिक केंद्रांना मिळाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. शहरातल्या श्रोत्याला वृत्तपत्र आहे, दूरचित्रवाणी आहे, नगरसेवकाचे कार्यालय हाकेच्या अंतरावर आहे. वाडीवरच्या त्या बाईंना वाचता येत नाही, सभेत त्यांचा आवाज पुरुषांच्या गोंगाटात बुडतो आणि तहसील कचेरीत जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. दूरध्वनीवर त्या मात्र न अडखळता बोलल्या. सुरुवातीला सगळ्या जगाच्या बातम्या देण्याची परवानगी नको. केंद्राच्या टापूतील पाणी, वीज, रस्ते, शाळा, दवाखाना आणि रेशन यांविषयी श्रोत्यांचे प्रश्न आणि संबंधित अधिकाऱ्यांची उत्तरे, एवढ्यापुरती ती असली तरी चालेल. अधिकाऱ्याला उत्तर देण्याची पूर्ण संधी हवी. एकतर्फी आरोप नको. आचारसंहितेच्या काळात वेगळे निर्बंध घालण्यासही कोणाची हरकत असू नये.

राज्यातील खासदारांनी हा विषय संसदेत मांडावा आणि आपल्या दैनिकाने सामुदायिक केंद्रांत काम करणाऱ्या मुलामुलींचे अनुभव त्यांची नावे न छापता प्रसिद्ध करावेत, अशी माझी विनंती आहे. आमच्याप्रमाणेच आणखी किती ठिकाणी प्रश्नावर ओव्या लावाव्या लागल्या, ते त्यातून कळेल.

त्या गुरुवारचे ध्वनिमुद्रण नियमाप्रमाणे आणखी दोन महिने केंद्रात राहील. दरम्यान मी स्वतः नगरपंचायतीत दोनदा जाऊन आलो. संबंधित साहेब दोन्ही वेळा बैठकीला गेले होते. काल बाजारात त्या बाई भेटल्या. हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून त्यांनी विचारले, “गुरुजी, मग काय म्हणाले ते?”

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, जि. सोलापूर