गीता विश्वासला अर्धंच वाक्य?

माननीय संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत शक्तिमान या जुन्या सुपरहिरोच्या सीरियलवर पानभर लेख आला होता, तर्री पोहे खाता खाताच वाचून काढला, पेपरवर तर्रीचा डाग पण पडला. लेखात शक्तिमान झालेले मुकेश खन्ना आले, खलनायक किलविष आला, डॉक्टर जैकाल अन् त्याचं 'पॉवर, पॉवर' ओरडणं आलं, गंगाधरच्या दातांवर तर अख्खा परिच्छेद. आणि गीता विश्वासला अर्धं वाक्य, 'सोबत हिरोईनही होती' एवढंच. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर सोडून दिलं असतं, पण पेपरवाल्यांनीच पेपरवालीला विसरावं म्हणजे कमाल झाली न बाप्पा.

नवीन पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. १३ सप्टेंबर १९९७ ला दूरदर्शनवर सीरियल सुरू झाली, २००५ पर्यंत चालली. गीता 'आज की आवाज' नावाच्या पेपरात रिपोर्टर, आणि गंगाधर, म्हणजे वेष बदललेला शक्तिमानच, तिथंच फोटोग्राफर. गीता म्हणून आधी किटू गिडवानी होत्या, मग वैष्णवी महंत आल्या, आणि आमच्या डोक्यात वैष्णवीच बसल्या. (महाभारत सीरियलमधले भीष्म आणि द्रोणाचार्य झालेले नटच इथं शक्तिमान आणि किलविष होऊन भांडून राहिले, हे तर मला फार उशिरा कळलं.)

तेव्हा आम्ही नागपुरात महाल भागात राहायचो. रविवारी १२ च्या ठोक्याला सगळे पोट्टे एकाच घरी, कूलरसमोर, आणि अँटेना फिरवायला एक जण छतावर, त्याला बिचाऱ्याला फक्त आवाजच ऐकू यायचा. एपिसोड संपला की गल्लीत खेळ सुरू. शक्तिमान कोण व्हायचं यावर मारामारी, किलविष सगळ्यात लहान पोट्ट्याच्या माथी मारायचो, आणि माझी चुलत बहीण एकटीच मुलगी म्हणून तिला गीता करून ओढणीनं कडुनिंबाला बांधायचो, कारण तिनं फक्त 'शक्तिमान, बचाव' ओरडायचं आणि आम्ही गोल फिरत जायचं असं आमचं ठरलेलं. दोन-तीन रविवार तिनं सहन केलं, मग एके दिवशी ओढणी सोडली, दप्तरातून वही काढली आणि घरोघरी विचारत सुटली की नळ किती वाजता येतो, किती वेळ राहतो, काल का नाही आला. आम्ही चिडलो की अशानं खेळ कसा होणार, तर म्हणे गीता रिपोर्टर आहे, झाडाला बांधायची वस्तू नाही. मी तेव्हा लई हसलो होतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं सीरियल परत दाखवली तेव्हा पुन्हा बघायला बसलो आणि मग लक्षात आलं, आमच्या सगळ्यांत सीरियल नीट तिनंच पाहिली होती.

म्हणजे बघा न, शक्तिमानची चक्रं जागृत, पंचमहाभूतं त्याच्या पाठीशी, गोल फिरला की पाहिजे तिथं हजर. गीताजवळ काय होतं? वही, पेन आणि डोकं. तरी जिथं काही गडबड असायची तिथं ती जायचीच, वाचवायला कोणी येईल की नाही हे माहीत नसताना. लोक म्हणतात ती सारखी किडनॅपच व्हायची. अहो, घरी बसणारीला कोण कशाला किडनॅप करेल?

दुसरा जोक म्हणजे, एवढी मोठी रिपोर्टर आणि शेजारच्या टेबलावरचा गंगाधर ओळखू आला नाही. आता ऑफिसात दुसऱ्या कोणाला तरी आला होता का? संपादक साहेबांना तरी? (राग नका मानू.) तो बाकीच्यांना फसवतो ते चलाखी म्हणून आपण टाळ्या वाजवायच्या आणि तिला फसवतो तेव्हा ती बावळट, हा कुठला न्याय.

मान्य आहे, लिहिणाऱ्यांनी पण तिच्यावर अन्याय केला. चांगली बातमीच्या मागे लागलेली असायची, तेवढ्यात शक्तिमान दिसला की बदलूनच जायची, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर, मागे म्युझिक, आणि बातमी राहिली बाजूला. ते आता बघताना मलाच अवघडल्यासारखं होतं. सुपरमॅनची लोइस लेन पण रिपोर्टरच, ती तर १९३८ साली सुपरमॅनच्या पहिल्याच कॉमिकमध्ये त्याच्यासोबत आली, आणि पुढे १९९३ ला अमेरिकेत जी सीरियल आली तिच्या टायटलमध्ये आधी लोइसचं नाव आणि मग क्लार्कचं, म्हणजे सुपरमॅनचं. आपल्याकडे गीताचं नाव टायटलमध्ये सोडा, लेखात पण धड येत नाही.

२०२२ मध्ये शक्तिमानच्या पिक्चरची घोषणा झाली तेव्हापासून सगळे एकच विचारून राहिले, शक्तिमान कोण होणार. गीता कोण होणार हे मी आजपर्यंत एकाच्याही तोंडून ऐकलं नाही, पानठेल्यावर पण नाही, आणि आमच्या पानठेल्यावर तर सगळ्याच पिक्चरचं कास्टिंग होते.

पत्र लांबलं, जागा कमी असेल तर कापा. किलविषचं कापा, लोइस लेनचं कापा, माझ्या तर्री पोह्यांचं कापलं तरी चालेल. गीताचं तेवढं राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक
मानेवाडा, नागपूर