'नाशिककरही'मधला 'ही'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या शहर पुरवणीत नाताळच्या तयारीचे सचित्र वृत्त आले होते. कॉलेज रोडवरची रोषणाई, मॉलमधले उंच झाड, लाल टोप्या आणि केकच्या आगाऊ नोंदण्या यांचे त्यातले वर्णन चांगले होते. त्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र 'गेल्या काही वर्षांत नाशिककरही नाताळ साजरा करू लागले आहेत' या वाक्याशी मी अडखळले. त्यातला 'ही' काढावा आणि 'करू लागले आहेत' हे क्रियापदही बदलावे, असे सुचवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी सत्तरी ओलांडलेली निवृत्त शिक्षिका आहे आणि लाल पेनाची सवय अजून सुटलेली नाही, हे खरे. परंतु येथे प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही.

आमचे घर शरणपूरचे. चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशकात १८३२ साली सुरू झाले आणि १८५० च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस यांनी गावाबाहेर ही वस्ती वसवली. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले येथे राहिली आणि शिकली. त्यांतली काही १८६६ मध्ये आफ्रिकेचे शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या मोहिमेत सामील झाली. येथेच शिकलेला जेकब वेनराइट नंतर लिव्हिंग्स्टन यांचे पार्थिव घेऊन इंग्लंडपर्यंत गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीला शवपेटीच्या मानकऱ्यांत उभा होता. आजोबा ही गोष्ट दर नाताळला सांगत, आणि त्या मुलांनी नाताळचे गाणे कोणत्या उच्चारात म्हटले असेल, या विचारात मी लहानपणी गढून जाई. सांगायचे इतकेच, की नाशकातला नाताळ मॉलपेक्षा किमान दीडशे वर्षांनी मोठा आहे.

मला आठवतो तो १९५० च्या दशकाच्या अखेरीपासूनचा. वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते आणि पगार झाला की पहिल्या रविवारी आई फराळाची यादी काढी. करंज्या, शंकरपाळी, चकल्या, रव्याचे लाडू, चिवडा. म्हणजे शेजारच्या ब्राह्मण घरात दिवाळीला जे होई, तेच आमच्याकडे दीड-दोन महिन्यांनी होई. दिवाळीत त्यांच्याकडून आलेले ताट आई रिकामे परत करीत नसे, चमचाभर साखर घालून देई, आणि खरी परतफेड २५ डिसेंबरला सकाळी होई. केक हा प्रकार तेव्हा आमच्या घरात नव्हताच. भट्टीवर जायचे ते नानकटाईसाठी. मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरून, वर फडके बांधून आम्ही भावंडे बेकरीवर रांग लावत असू. पत्र्याच्या ट्रेवर आपापल्या नानकटाईला खूण म्हणून कोणी चारोळी लावी, कोणी बोटाने खळगा करी. आमची खूण मनुका होती. तरीही दर वर्षी एखादा ट्रे बदलत असे आणि परक्याची नानकटाई आपल्यापेक्षा खुसखुशीत निघाली, तर आई तो विषय वाढवत नसे.

तारा घरीच होई. बांबूच्या कामट्या, सुतळी, गव्हाच्या पिठाची खळ आणि पतंगाचा कागद. नाशकात संक्रांतीच्या पतंगांसाठी तो कागद डिसेंबरातच दुकानांत आलेला असे, ही आमची मोठी सोय होती. आत आधी मेणबत्ती ठेवत आणि तारा पेटण्याचा प्रसंग दोनदा आल्यावर वडिलांनी आत विजेचा दिवा सोडला. दिवाळीच्या आकाशकंदिलाशी त्याचे नाते इतके जवळचे होते, की शेजारचा मुलगा आपला सांगाडा जपून ठेवी आणि कोपरे वाढवायला डिसेंबरात आमच्याकडे आणून देई.

परंतु नाताळ म्हटल्यावर आजही माझ्या कानांत आधी येते ती गायनफेरी. वीस तारखेपासून रात्री जेवणे आटोपली, की तरुण मंडळी पेट्रोमॅक्स घेऊन निघत. एकाच्या गळ्यात पट्ट्याने अडकवलेली पेटी, दुसऱ्याकडे ढोलकी, आणि झांजा ज्याच्या हाती लागतील त्याच्या. डिसेंबरातली नाशिकची थंडी नाशिककराला सांगायला नको; कानटोपी आणि मफलर यांतून गाणाऱ्याचे नुसते डोळे दिसत, आणि तरी आवाज ओळखून आई आतून सांगे, 'आला बघ, याचा सूर अजून वरच लागतो.' दारात 'सलाम' होई, दोन गाणी होत, चहा होई. इंग्रजी चालींची भाषांतरित गाणी म्हटली जात, पण फेरी रंगात येई ती ओवी-अभंगाच्या चालींवर. त्या चालींचे श्रेय मुख्यतः रेव्हरंड ना. वा. टिळकांकडे जाते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर भजन आणि कीर्तन यांची सोबत त्यांनी सोडली नाही, त्यामुळे आमची उपासना मराठी राहिली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर नाशिकजवळच्या जलालपूरच्या लेक. तेव्हा त्या चालींवर नाशिकने माहेरचा थोडा हक्क सांगायला हरकत नसावी.

सगळेच नाताळ भरल्या ताटाचे नव्हते. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना रेशनवरची लाल मिलो ज्वारी आठवत असेल. त्या वर्षी साखर पुरेशी नव्हती, तेलही बेताचेच होते. आईने गुळाचे सारण करून मोजून एकवीस करंज्या केल्या आणि शेजारी पाठवायच्या त्या आधी बाजूला काढल्या. घरात उरल्या त्या आम्हा पाच जणांना पुरवून खायच्या होत्या. वडील त्या वर्षी म्हणाले होते, की शेजाऱ्यांना एखादे वर्ष समजून घेता येईल. आईने उत्तर दिले नाही, ताटावर रुमाल टाकला आणि मला हाक मारली. आई परिचारिका होती आणि अनेक वर्षे नाताळची रात्रपाळी तिच्याच वाट्याला येई. अशा वर्षी उपासनेहून परतल्यावर आम्ही तिची वाट पाहत बसत असू. ती सकाळी आठला आल्याखेरीज फराळाचा डबा उघडायचा नाही, हा वडिलांचा नियम होता आणि तो त्यांनी स्वतःही एकदाच मोडला.

१९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि निरनिराळ्या मंडळ्या एका छत्राखाली आल्या. आम्हा मुलांना त्यातले एवढेच कळले, की उपासनेनंतर सलाम करायची माणसे वाढली. पुढे लग्ने झाली, नोकऱ्या झाल्या, धाकटा भाऊ पुण्याला गेला. फराळ पुढे बाहेरून येऊ लागला, नानकटाईची रांग संपली, तारा प्लास्टिकचा झाला आणि आता तो रंग बदलतो. याचे मला फार दुःख नाही. दहा किलो मैद्याच्या करंज्या लाटताना आईचे मनगट कसे सुजत असे, ते मी पाहिले आहे. बाहेरच्या चकलीला नावे ठेवण्याचा अधिकार ज्याने सोऱ्या फिरवला त्यालाच असावा. सांताक्लॉजचेही मला वावडे नाही. नातीने त्याला मराठीत चिठ्ठी लिहिली होती आणि तिच्यातले ऱ्हस्व-दीर्घ मी दुरुस्त केले.

२०२० चा नाताळ वेगळा गेला. राज्यातल्या महानगरपालिकांच्या हद्दीत रात्री ११ पासून संचारबंदी होती, त्यामुळे मध्यरात्रीची उपासना नव्हती आणि फेरीही नव्हती. आम्ही दोघे ओट्यावर बसून मोबाइलवर भावाच्या कुटुंबाबरोबर गायलो. आवाज एकमेकांच्या मागे-पुढे येत होता, ताल काही जुळेना. तेवढ्यात समोरच्या घरातला, कामट्यांचा सांगाडा आणून देणारा तो मुलगा, जो आता आजोबा झाला आहे, गच्चीवर आला आणि त्याने टाळ्यांचा ठेका धरला. तीन कडवी त्याला पाठ होती. साठ वर्षे दारात उभे राहून ऐकलेले गाणे पाठ होणारच.

म्हणून त्या 'ही'विषयी लिहावेसे वाटले. तो आमच्यापुरता खटकतो असे नाही; समोरच्या गच्चीवरच्या गृहस्थालाही तो लागू पडत नाही. दुरुस्ती छापण्याइतकी ही चूक मोठी नसेल, तर पुढच्या वर्षीच्या वृत्तात तेवढे पाहावे. आणि शक्य झाल्यास २४ तारखेला रात्री आपल्या प्रतिनिधीस शरणपुरात पाठवावे. फेरी आता रिक्षातून आणि ब्लूटूथ स्पीकर घेऊन येते, पण पेटी असते. चहा नक्की मिळेल, करंजीही मिळेल; केकचे मात्र आमच्याकडे अजून खात्रीचे नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
शरणपूर, नाशिक