लिफ्ट किती इंच, आणि का?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत उंच केलेल्या एसयूव्हींचे फोटो पाहिले, झकास होते, पण प्रत्येकाखाली 'चार इंच लिफ्ट' एवढंच, चारच का ते कुठेच नाही. म्हणून लिहितोय, कारण हा घोळ मी स्वतः घालून बसलोय.

माझ्या जुन्या गाडीला पुढेमागे सॉलिड अ‍ॅक्सल (डावं-उजवं चाक एकाच दांड्यावर) आणि कॉइल स्प्रिंग. चार इंच उंच स्प्रिंग टाकले, बसवणारा म्हणाला बिनधास्त घ्या. घरी पोचेपर्यंत कळलं की वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळच होत नाही, गाडी रस्त्यावर भटकते. गाडी वर गेली की अ‍ॅक्सल थोडा फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगला आपोआप सरळ करणारा चाकाच्या अक्षाचा मागचा झुकाव, कमी होतो, त्याचा हा परिणाम. पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला गाडीखाली मधोमध धरणारा आडवा दांडा) मूळचाच ठेवल्यामुळे अख्खा अ‍ॅक्सल एका बाजूला सरकला, ताशी 80 च्या पुढे प्रोपेलर शाफ्टच्या (चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा) अँगलमुळे थरथर, वर ब्रेकचे होज तारेसारखे ताणलेले. शेवटी ते स्प्रिंग काढून दोन इंचांचे टाकले, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

आणि लिफ्टने ग्राउंड क्लिअरन्स वाढतो हे सॉलिड अ‍ॅक्सलला अर्धंच खरं हो. चासी वर जाते, पण डिफरन्शियलचा, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरपेटीचा, गोळा होता तिथेच राहतो आणि दगडाला लागतो तोच. तो वर न्यायचा तर टायरच मोठा हवा, त्यातही व्यास 2 इंचांनी वाढवला तर गोळा 1 इंचच उचलतो. लिफ्टचं खरं काम म्हणजे त्या टायरला जागा करून देणं, आणि चढउतारावर बंपर किंवा पोट टेकू न देणं. त्यामुळे आधी टायर ठरवा, तो पूर्ण स्टिअरिंग वळवून आणि चाक वर दाबलेलं असताना कुठे घासतो ते बघा, मग इंच मोजा. (29 इंची टायर काढून 31 इंची लावला तर स्पीडोमीटर 100 दाखवतो तेव्हा गाडी खरी 107 च्या आसपास असते, हे पण कोणी सांगत नाही.)

पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र हलणारं) असेल तर अजून जपून. साधारण दोन इंचांच्या वर सीव्ही जॉइंट (चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टचे सांधे) तिरके पडतात, त्यांचे रबरी बूट फाटतात, आणि चाकाला खाली लटकायला जागाच उरत नाही, मग खड्ड्यात चाक अधांतरी.

उलटण्याचं गणित तर सोपं आहे, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. समजा अंतर 1540 मिमी आणि उंची 700, तर 1.10 येतं. उंची 100 ने वाढली की 0.96. आकडा जितका लहान तितकी गाडी लवकर कलंडते. वर छतावर कॅरियर आणि सामान असेल तर विचारूच नका.

विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र), जाड बंपर, मागे कायमचं सामान असलं तर वजनाप्रमाणे स्प्रिंग घ्या, नाहीतर घेतलेली लिफ्ट वजनाखालीच बसते. उंची मोजताना जमिनीपासून नको, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, टायरचा हिशोब मध्ये येत नाही.

पुढच्या वेळी फोटोखाली टायरचा साइज, सस्पेन्शनचा प्रकार आणि गाडीवरचं वजन एवढं तरी छापा ना.

आपला,
एक नियमित वाचक