खारीला शिकवणाऱ्या ताईंना जाहीर पत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

परवा पहाटे तुम्ही शिकवलेल्या आमच्या खारी कुत्रीने भुंकून सगळे घर उठवले. नातीला झोपेतच फिट आली होती आणि तिची आई, दिवसभराचे ऑफिस आणि लोकलचा प्रवास करून थकलेली, शेजारीच गाढ झोपली होती. आधी आईचे पांघरूण ओढायचे, तेवढ्याने जाग आली नाही तर दाराशी येऊन भुंकायचे, हा तुम्ही घालून दिलेला क्रम खारीने चुकवला नाही. मी चष्मा शोधत पोहोचलो तेव्हा ती पोरीच्या पाठीला अंग लावून बसली होती. आम्ही तिला कुशीवर वळवले आणि घड्याळाकडे पाहत राहिलो. फिट पाच मिनिटांच्या आत थांबली, फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलाम या औषधाचा स्प्रे वापरावा लागला नाही. हे सारे फोनवर सांगून दोन शब्दांत आभार मानणे मला जमेना, म्हणून चारचौघांच्या देखत लिहीत आहे.

तुमच्याकडे येण्यापूर्वी आम्ही कोणकोणाचे उंबरे झिजवले, हे तुम्ही कधी विचारले नाहीत. एका संस्थेने ‘फिट येण्यापूर्वी पंधरा मिनिटे सांगणारा कुत्रा हमखास देतो’ असे छातीठोकपणे सांगून आगाऊ रक्कम घेतली आणि जो कुत्रा आणून दाखवला, तो कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली शिरत असे. पैसे परत मागितले तेव्हा आमच्या घरात पुरेसे शांत वातावरण नसल्याचे आम्हालाच ऐकवण्यात आले. लालबागमध्ये राहणाऱ्याकडून शांततेची अपेक्षा! एका शाळेने ‘बाकीचे पालक घाबरतात’ असे सांगून नातीला प्रवेश नाकारला. आमच्या सोसायटीच्या मंडळींनी कुत्र्याला लिफ्ट बंद करण्याचा घाट घातला होता. सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ सालीच कळवलेले आहे, तो कागद पुढे ठेवल्यावर ते प्रकरण थंडावले.

तुम्ही मात्र पहिल्याच भेटीत, कुत्र्याकडून काय होणार नाही ते आधी सांगितलेत. फ्रान्समधील रेन येथील संशोधकांनी २०१९ मध्ये पाच प्रशिक्षित कुत्र्यांना अपस्माराच्या रुग्णांच्या श्वासाचे आणि घामाचे नमुने हुंगायला दिले आणि फिटच्या वेळचा वास त्यांनी वेगळा ओळखला, हे तुम्हीच मला समजावून दिलेत. मात्र फिटच्या वेळी घेतलेल्या नमुन्याचा वास ओळखणे वेगळे आणि घरात फिट येण्याआधी सावध करणे वेगळे, असेही लगेच बजावलेत. काही कुत्री माणसाच्या सहवासात राहून ते आपोआप ओळखू लागतात, पण त्याची हमी देणारा भेटला तर तिथून उठावे, असे तुमचे स्पष्ट मत होते. शिकवता येते ते एवढेच की फिट आली की घरच्यांना बोलवायचे, घंटा दाबायची, मुलाजवळून हलायचे नाही. औषधे घड्याळ लावून चालूच राहणार. शिवाय एवढ्या लहान मुलीला कुत्रा सांभाळता येत नाही, आज्ञा मोठ्यांनीच द्यायच्या असतात, म्हणून तुम्ही हसून म्हणालात, “आजोबा, शाळा तुमचीच आहे.” ज्या घरात वर्षानुवर्षे आशेची विक्री ऐकली होती, तिथे हे कोरडे बोलणे औषधासारखे लागू पडले.

त्यानंतरच्या मेहनतीबद्दल मी फार लिहीत नाही. गणपतीच्या दिवसांत खारीला भारतमाता सिनेमाच्या नाक्यापासून रोज थोडे थोडे ढोलताशांच्या जवळ आणत होतात, तेवढे आमच्या खिडकीतून दिसत असे. आधीचे एक पिल्लू फटाक्यांना बिचकते असे दिसल्यावर तुम्ही त्याला या कामातून काढून चांगल्या घरी दिलेत आणि आमच्याकडून त्याचा एक पैसा घेतला नाहीत, हेही नोंदवून ठेवतो.

पण ज्या एका गोष्टीसाठी मी जन्मभर तुमचा ऋणी राहीन, तिचा कुत्र्याशी संबंध नाही. सरावाच्या एका संध्याकाळी सोसायटीच्या आवारात नातीला फिट आली. नेहमीप्रमाणे माणसे जमली. कोणी कांदा आणायला धावले, कोणी मुठीत किल्ल्या कोंबू लागले, एका सद्गृहस्थांनी पायातली चप्पल काढली. तुम्ही आवाज न चढवता सगळ्यांना दूर केलेत, तिला कुशीवर वळवलेत, डोक्याखाली स्वतःची पिशवी सरकवलीत. तोवर तिचे कपडे ओले झाले होते आणि तिच्याबरोबर खेळणारी मुले दोन हातांच्या अंतरावर उभी राहून पाहत होती. तुम्ही गळ्यातली ओढणी काढलीत, पिवळी, बारीक ठिपक्यांची, आणि कमरेपासून पावलांपर्यंत तिला नीट झाकलेत. कडा आत खोचल्यात. मग मुलांच्या आणि तिच्या मध्ये पाठ करून बसलात. इतक्या वर्षांत तिला फिट आली की आम्ही तिच्या जिवाची काळजी करत होतो. तिच्या लाजेची काळजी करणारे माणूस मी प्रथमच पाहिले.

ओढणी धुऊन देतो म्हटले, तर तुम्ही ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेलात आणि पुढच्या वेळी तीच घालून आलात. नात त्या ओढणीचे टोक धरून खारीच्या मागे आवारभर फिरली. ज्या मुलांनी ते पाहिले होते, तीच तिच्या मागे रांग लावून चालत होती.

या शहरात अडल्यानडल्याला हात देणारी माणसे पुष्कळ आहेत, धावत्या लोकलमध्ये हात देऊन वर घेणारीही आहेत. परंतु मदत करताना समोरच्याला उघडे न पाडण्याची समज माझ्या पाहण्यात कमी लोकांकडे आली, आणि ज्यांच्याकडे शिक्षण, पद, मोठाली कार्यालये होती त्यांच्याकडे तर ती मुळीच आढळली नाही. ही कटुता पत्रात नको, असे सूनबाईंचे म्हणणे आहे. मी ती राहू देत आहे.

आता कामाचे. खारीच्या लसीची तारीख जवळ आली आहे. परळच्या बैलघोड्याच्या हॉस्पिटलात मी स्वतः तिला नेणार आहे, तुम्ही त्यासाठी येण्याची तसदी घेऊ नये. तुमची राहिलेली रक्कम पाकिटात घालून कपाटात ठेवली आहे. “नंतर बघू” असे तुम्ही दर वेळी म्हणता. तुमच्याकडे सध्या जे नवे पिल्लू शिकते आहे, ते ज्या मुलासाठी आहे त्याच्या घरची परिस्थिती बेताची असल्याचे तुमच्याच बोलण्यातून कळले. हे पैसे त्या पिल्लाच्या खाण्यापिण्याला लावावेत. रविवारी मी पाकीट घेऊन येत आहे. कृपया घरी असावे.

आपला नम्र,
खारीच्या घरचे आजोबा
लालबाग, मुंबई