जेवून ठणठणीत राहिलेल्यांनाही विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नवरात्र तोंडावर आले आहे. उपवासाच्या फराळातून विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्याला नवीन नाहीत; फेब्रुवारी 2024 मध्ये लोहा तालुक्यातील कोष्टवाडीत एकादशीच्या प्रसादानंतर मोठ्या संख्येने भाविक आजारी पडले होते. अशा वेळी सलाईन लागते, रुग्ण घरी जातात आणि ‘भगर बाधली’ म्हणून विषय मिटतो. भगरच बाधली हे ठरवायचे कसे, ते मात्र राहून जाते.

दवाखान्यातली यादी फक्त आजाऱ्यांची असते आणि तिथेच तपास फसतो. समजा, पंगतीत 120 जण जेवले आणि 64 आजारी पडले. आमटी खाल्लेल्या 70 पैकी 42 जणांना त्रास झाला, म्हणजे 60 टक्के. एवढेच पाहिले तर आमटी दोषी ठरते. पण आमटी न खाल्लेल्या 50 पैकीही 22 आजारी आहेत, म्हणजे 44 टक्के. आता भगर पाहा: खाल्लेल्या 80 पैकी 60, म्हणजे 75 टक्के, न खाल्लेल्या 40 पैकी फक्त 4, म्हणजे 10 टक्के. हा फरक निरोगी माणसांना विचारल्याशिवाय कळतच नाही. उपवासाला भगर-आमटी बहुतेक जण एकत्रच खातात, म्हणून नुसता साबुदाणा किंवा नुसती केळी खाऊन उठलेल्यांची नावे आशाताईंनी आवर्जून लिहून घ्यावीत.

सोबत दोन वेळा नोंदवाव्यात: जेवणाची आणि पहिल्या त्रासाची. एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा संशय घ्यावा. आचाऱ्याच्या हातावरच्या पिकलेल्या जखमेतूनही असे विष तयार करणारे जंतू अन्नात जातात आणि त्यांचे विष अन्न पुन्हा उकळून जात नाही. बारा तासांनंतर ताप आणि जुलाब आले तर साल्मोनेला या जिवाणूकडे पाहावे. बुरशी लागलेल्या भगरीने मळमळीबरोबर चक्कर येते, हातपाय थरथरतात. प्रसाद न घेतलेलेही आजारी पडू लागले, तर आधी पाण्याच्या टाकीची ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे का याची चाचणी, करावी.

हे सारे सिद्ध व्हायला नमुना लागतो, आणि घाबरलेले लोक उरलेले अन्न उकिरड्यावर टाकून पातेली घासून ठेवतात. कृपा करून तसे करू नका. प्रत्येक पदार्थ पाव किलो, उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या डब्यात भरा. वर पदार्थाचे नाव, तारीख, वेळ लिहा आणि डबा बर्फात ठेवा, डीप फ्रीजरमध्ये नको. काही जिवाणू गोठल्यावर मरतात आणि तपासणीत सापडत नाहीत. रुग्णाच्या शौचाचा नमुना अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घ्यायला हवा.

कच्च्या भगरीची पिशवीही जपा. पाकीट असेल तर त्यावरचा बॅच नंबर, सुटी असेल तर किराणा दुकानातले पोते आणि त्याची पावती, यावरूनच ठोक व्यापारी आणि पुढे गिरणीपर्यंत पोहोचता येते. त्याच पोत्यातली भगर शेजारच्या चार गावांत गेलेली असू शकते. म्हणून अन्न व औषध प्रशासनाने प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता, यादीवरून संशय पक्का होताच त्या मालाची विक्री थांबवावी आणि तो कुठे कुठे गेला ते त्याच दिवशी दवंडी पिटून कळवावे.

— एक आरोग्य कर्मचारी, परभणी