पत्रकं नंतर छाप

प्रिय मित्रा,

मधुमेह टाळण्याच्या कार्यक्रमाचा तुझा आराखडा परवा रात्री वाचला, सकाळी पुन्हा वाचला. मेहनत दिसते. पण तुझ्यापाशी आडपडदा कशाला? बारा पानांत आरोग्य शिक्षिका पहिल्यांदा दिसतात त्या नवव्या पानावर, आणि त्याही 'पत्रकं वाटतील' एवढ्यापुरत्या. तिथं मला माझाच पहिला कार्यक्रम आठवला.

आम्हीही तक्ते, व्याख्यानं, वेळापत्रक सगळं ठरवून मग शिक्षिकांना बोलावलं होतं. बैठकीची वेळ सकाळी ११. त्यातल्या एक वयस्कर बाई कागदाकडे बघून म्हणाल्या, "या वेळेला तेच येतील ज्यांना तब्येतीची काळजी आधीपासूनच आहे." आम्ही मान डोलावली आणि वेळ तीच ठेवली! पहिल्या दिवशी खोली भरली. पाचव्या बैठकीला उरले सात जण, सातही रोज नेमाने चालणारे. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ते कामावर होते.

तू पुरावा मागणारा माणूस, म्हणून सांगतो. २००२ साली प्रसिद्ध झालेला तो मोठा अमेरिकी अभ्यास तूही दाखवतोस: ३,२३४ माणसं, साखर वाढलेली पण मधुमेह नाही. त्यातल्या एका गटाने वजन ७ टक्के उतरवायचं, आठवड्याला १५० मिनिटं हालचाल करायची. सुमारे तीन वर्षांत, नुसत्या खोट्या गोळ्या घेणाऱ्यांच्या तुलनेत, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. दुसऱ्या गटात मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. हे आकडे आपण तक्त्यावर लावतो आणि त्यामागची मजुरी विसरतो. त्या पहिल्या गटात प्रत्येकाला स्वतःचा मार्गदर्शक होता, आणि पहिल्या सहा महिन्यांत समोरासमोर बसून १६ धडे घेतले गेले. चीनमध्ये दाचिंगला १९८६ साली सुरू झालेला आहार-व्यायामाचा प्रयोगही सहा वर्षं चालला. तीस वर्षांनी पाहिलं तेव्हा त्या लोकांचा मधुमेह जवळपास चार वर्षं लांबलेला होता. एका दिवसाच्या शिबिरातून यातलं काहीच हाती लागत नाही.

तपासणीचं थोडक्यात. सरसकट सगळ्यांचं रक्त घेऊ नकोस. आधी चार प्रश्न: वय, कंबरेचा घेर, रोजची हालचाल, घरात कुणाला मधुमेह आहे का. जोखीम जास्त निघेल त्यांचंच रक्त. पण कोणता निकष धरायचा ते आधी ठरव. अमेरिकी निकषाने उपाशीपोटी साखर १०० ते १२५ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) म्हणजे मधुमेहपूर्व स्थिती, जागतिक आरोग्य संघटना मात्र ११० पासून धरते. दोन शिक्षिकांनी एकाच माणसाला दोन गोष्टी सांगितल्या की तो दोघींचंही ऐकत नाही. आणि १२६ किंवा त्यावर, म्हणजे मधुमेहाच्याच पातळीला, निघालेल्यांना नक्की कुठे पाठवायचं, हे ठरल्याशिवाय पहिली सुई टोचूच नकोस.

'मधुमेहपूर्व स्थिती' हा शब्द आमच्या तक्त्यावर होता. त्याच बाई लोकांना सांगायच्या, "साखर उंबऱ्यावर आलीय, अजून घरात शिरलेली नाही." दुसऱ्या फेरीत आम्ही तक्ता बदलला. वेळही बदलली, संध्याकाळची केली. सलग दोन बैठका चुकल्या की शिक्षिका घरी जाऊन विचारपूस करणार, हेही त्यांनीच सुचवलं. या घरभेटीचा वेळ आणि मानधन तुझ्या अंदाजपत्रकात कुठेच नाही. छपाईला मात्र भरपूर ठेवलंयस. आधी तो आकडा हलव. सेवाभाव वगैरे शब्द आपण दुसऱ्याच्या वेळेबद्दल फार सहज वापरतो, मीही वापरलेत.

तुझ्या नोंदवहीत तेवीस रकाने आहेत. (मोजले मी.) हजेरी, वजन, कंबर, चालण्याची मिनिटं आणि वर्षाअखेरीची साखर, एवढं पुरे. किती पत्रकं वाटली हा रकाना तर काढूनच टाक. तो भरला की आपल्याला उगाच काम झाल्यासारखं वाटतं.

तर पुढच्या आठवड्यात शिक्षिकांकडे जाशील तेव्हा आराखडा पिशवीतच राहू दे. कोरी वही ने, आणि लोक पाचव्या बैठकीला का येत नाहीत एवढंच विचार. दिवस ठरला की कळव, मीही येतो. वजनकाटा माझा आणतो. तुझा मागच्या वेळी सगळ्यांना दोन किलो जास्त दाखवत होता, आणि त्यावरून झालेलं भांडण मला अजून आठवतंय.

तुझाच,
जुना सोबती