भाड्याच्या पैशाविषयी

प्रिय मित्रा,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझे पत्र मिळाले. वरच्या दोन खोल्यांचे जे भाडे मी दोन वर्षे रोखीने घेतले आणि आयकर विवरणपत्रात दाखवले नाही, ते आता अद्ययावत विवरणपत्र भरून मी आपणहून जाहीर केले, हे ऐकून तू विचारतोस की देवाने ज्याची क्षमा केली ते पुन्हा उकरून काढण्याचे कारण काय. हाच प्रश्न मी स्वतःला इतके दिवस उत्तर म्हणून सांगत आलो होतो. रविवारी उपासनेत पापाची कबुली द्यायची, दशांशाचे, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या दानाचे, पाकीट भरायचे (त्या दशांशात हे भाडेही धरलेले असे, हे लिहिताना लाज वाटते) आणि घरी आल्यावर भाड्याची वही कपाटात, पत्नीच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवायची.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायातील जक्कय तुला लहानपणापासून ठाऊक आहे; पण तो यरीहोतील मुख्य जकातदार होता आणि प्रभूने त्याच्याकडे हिशेब मागितलाच नाही, याकडे माझे लक्ष अलीकडेच गेले. प्रभू एवढेच म्हणाला की आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना देण्याची आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याची भाषा जक्कय स्वतःच बोलला. क्षमा मिळावी म्हणून त्याने पैसे मोजले नाहीत. प्रभू घरात आला, म्हणून त्याला ते पैसे जवळ ठेवणे अशक्य झाले.

आपल्याकडे कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, त्याची तारीख आपण लक्षात ठेवतो. मला मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा मार्ग अधिक जवळचा वाटतो, कारण त्यांच्या बाबतीत सोवळ्याओवळ्याचा विचार, म्हणजे कोणाच्या हातचे पाणी प्यावे हा रोजचा घरगुती प्रश्न, आधी सुटला आणि १९०० सालचा बाप्तिस्मा त्यानंतर आला.

कर, त्यावरील व्याज आणि अतिरिक्त कर मिळून रक्कम बरीच झाली, आणि ती कोठून आणायची हे सांगताना पत्नीला वही दाखवावीच लागली. ती रागावली नाही. शेवटच्या पानापर्यंत वाचून तिने एवढेच विचारले की, आपण दर वर्षी भाडे वाढवत होतो, तेव्हा घरी काम करणाऱ्या मावशींचा पगार किती वाढवला. तो वाढवलेला नव्हता. कापून ठेवलेली मजुरी ओरडते, हे याकोबाच्या पत्रातील वचन मी मंडळीत कितीतरी वेळा वाचून दाखवले आहे, आणि त्या सकाळी मावशी आमच्याच स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या.

या महिन्यापासून त्यांचा पगार वाढवला आहे. मागील दोन वर्षांची बाकी त्यांना उपकार वाटणार नाही अशा रीतीने कशी द्यावी, हे आम्हा दोघांना अजून सुचलेले नाही. तुला काही सुचले तर अवश्य कळव, आणि आमच्यासाठी प्रार्थना कर.

तुझा,
जुना मित्र